जुन्या स्पीडबोटीला नवी मोटर : आधी वजन, मग हॉर्सपॉवर



मागच्या उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीला लेक सेंट क्लेअरवर आमची बोट ज्यांनी पाहिली, त्यांच्यापैकी निदान सात-आठ जणांनी एकच प्रश्न विचारला : "हिला नवी मोटर बसवायला किती खर्च आला?" खर्चाचं उत्तर सोपं आहे, ठरवलेल्या बजेटच्या दीडपट. पण त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न कोणीच विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर मोटर घेताना आम्हीही विचारला नव्हता. जुनी मोटर किती वजनाची होती आणि नवी किती वजनाची आहे?

आम्ही चौघं मित्र, चौघंही आयटीवाले आणि चौघंही इंजिनिअर. आठवडाभर पडद्यासमोर बसायचं आणि शनिवारी हात काळे करायचे या हौसेपोटी आम्ही १९८० च्या दशकातली एक १७ फुटी स्पीडबोट घेतली. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरं आहे. पण हौसेला वजन असतं, हे आम्हाला उशिरा कळलं. मंडळातली आणखी दोन कुटुंबं सध्या अशाच जुन्या बोटी शोधत आहेत, म्हणून जे शिकलो ते एका जागी लिहून ठेवतो आहोत. नमनाला घडाभर तेल पुरे, मुद्द्यावर येतो.

ही बोट वेगळी कशी?

मासेमारीची साधी ॲल्युमिनियमची बोट आणि 'परफॉर्मन्स' बोट यांत बराच फरक आहे. मिनेसोटाच्या हायड्रोस्ट्रीम, टेनेसीच्या ॲलिसन, ओहायोच्या चेकमेट या नावांच्या जुन्या बोटी इथे जाहिरातींत अजून दिसतात. लांबी १५ ते १८ फूट, फायबरग्लासचा हलका सांगाडा, आणि मागे सांगाड्याच्या मानाने खूपच ताकदवान आउटबोर्ड मोटर. अशा बऱ्याच बोटींचा तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा असतो आणि मागच्या टोकाला त्या 'व्ही'चा तळ सपाट केलेला असतो. त्याला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात बोट त्या पॅडवर चालते. म्हणजे १७ फुटांपैकी पाण्याला टेकलेला भाग मागचा अगदी थोडासा, बाकी सगळी बोट हवेत.

हे चित्र एकदा डोळ्यासमोर आणलं की वजनाचा मुद्दा आपोआप पटतो. जी वस्तू मागच्या टोकावर तोल सांभाळत धावते, तिच्या त्याच टोकाला शंभर-सव्वाशे पौंड जादा लटकवले, तर तिचं वागणं बदलणारच. आमच्यातला मालवणकडचा मित्र बोटीच्या पुढच्या टोकाला 'नाळ' म्हणतो. शब्द सुटसुटीत आहे, आम्ही या लेखात तोच वापरतो. मोटर जिच्यावर बसते ती मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. त्याला मात्र त्याच्याकडेही शब्द नव्हता.

आमचं काय चुकलं

आमच्या बोटीवर मूळची सहा सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटर होती, ११५ हॉर्सपॉवरची, वजन सुमारे ३०० पौंड. तिचं कॉम्प्रेशन गेलं होतं. आम्ही एका घरगुती विक्रेत्याकडून २००० च्या दशकातली वापरलेली फोर-स्ट्रोक मोटर घेतली, तीही ११५ हॉर्सपॉवरचीच. आकडा तोच, म्हणजे काही बदललं नाही, असा आमचा सरळ हिशेब. शिवाय "सगळेच लावतात" म्हणून मधे सहा इंचांची जॅकप्लेट टाकली. जॅकप्लेट म्हणजे मोटर आणि ट्रान्सम यांच्या मधली पोलादी किंवा ॲल्युमिनियमची चौकट. तिने मोटर खालीवर करता येते आणि ती ट्रान्समपासून थोडी मागे सरकते.

पहिल्याच रविवारी आम्ही तिघं मोठे आणि एकाचा नऊ वर्षांचा मुलगा असे निघालो. बोट उठायला वेळ लागत होता, नाळ आकाशाकडे, पुढचं काही दिसेना. तरी एकदा उठल्यावर छान पळाली. मग समोर एक जेट-स्की आडवी आली आणि चालवणाऱ्याने थ्रॉटल एकदम बंद केलं. बोट धपकन खाली बसली. तिच्या मागून येणारी तिचीच लाट ट्रान्समवरून आत आली. एका क्षणात मागच्या सीटवर बसलेल्या मुलाच्या मांडीपर्यंत पाणी. दुसरी लाटही आत आली. लेक सेंट क्लेअरची सरासरी खोली जेमतेम ११ फूट आहे, त्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्या दिवशी वारा सुटलेलाच होता. दोघांनी नाळेकडे धाव घेतली, मागचं टोक थोडं वर आलं, पंप चालू होता, आणि तिसरी लाट खालून निघून गेली. मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. तो नंतर हसत होता. आम्ही हसत नव्हतो.

त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हे काम मोटर घेण्याच्या आधी वीस मिनिटांत झालं असतं.

सी-सॉचा हिशेब

डिप्लोमा-डिग्रीच्या पहिल्या वर्षाला जो गुरुत्वमध्य शिकलो तोच इथे लागतो. बागेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेलं बारीक मूल मधे बसलेल्या जाड्या मुलाला उचलतं. तसंच इथे, वजन किती यापेक्षा ते मध्यापासून किती लांब हे महत्त्वाचं.

आमचे आकडे असे. सांगाडा ८५० पौंड, जुनी मोटर ३००, टाकीत १८ गॅलन पेट्रोल म्हणजे सुमारे ११० (एक गॅलन पेट्रोल साधारण ६ पौंड भरतं), बॅटरी ५०, तीन माणसं ४८०, नांगर-दोर वगैरे ६०. एकूण १८५०. गुरुत्वमध्य ट्रान्समपासून सुमारे साडेसहा फूट पुढे धरला. नवी मोटर तेल-प्रोपेलरसकट ३९५ पौंड, म्हणजे ९५ जास्त. मोटरीचा स्वतःचा मध्य ट्रान्समच्याही फूटभर मागे असतो, म्हणून अंतर साडेसात फूट. जॅकप्लेट ३० पौंड, तिचं अंतर पावणेसात फूट. आणि अख्खी ३९५ पौंडांची मोटर अर्धा फूट आणखी मागे गेली. ९५ गुणिले साडेसात म्हणजे ७१२, ३० गुणिले पावणेसात म्हणजे २०३, ३९५ गुणिले अर्धा म्हणजे १९८. बेरीज १११३. भागिले नवं एकूण वजन १९७५. उत्तर ०.५६ फूट, म्हणजे गुरुत्वमध्य जवळजवळ ७ इंच मागे गेला.

आता उपाय पाहा. ट्रान्समला टेकून ठेवलेली ५० पौंडांची बॅटरी दहा फूट पुढे, नाळेजवळ नेली. ५०० भागिले १९७५, म्हणजे गुरुत्वमध्य ३ इंच पुढे आला. जॅकप्लेट काढून टाकली, आणखी अडीच इंच पुढे. राहिला सव्वा-दीड इंच, तोही मागच्या कप्प्यातला नांगर पुढे नेऊन जवळजवळ भरून निघाला. शंभर डॉलर्सच्या केबलने जे काम झालं ते महागड्या प्रोपेलरने झालं नसतं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. बॅटरी लांब नेली की केबलही जाडच हवी, नाहीतर स्टार्टरपर्यंत व्होल्टेज पोचत नाही आणि फोर-स्ट्रोकचा कॉम्प्युटर विचित्र वागू लागतो. मोटरीच्या मॅन्युअलमध्ये लांबीप्रमाणे केबलची जाडी दिलेली असते, तीच घ्यावी. आणि नाळ अति जड करू नये. तसं केलं तर वळताना नाळ पाण्यात रुतते आणि बोट तिच्याभोवती फिरू पाहते. हे मागच्या जडपणापेक्षा कमी भीतीदायक नाही.

मोटरी जड का झाल्या, आणि परत हलक्या कशा झाल्या

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, १९९६ साली आउटबोर्ड मोटरींच्या धुरावर नियम आणले. १९९८ ते २००६ या काळात ते टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि हायड्रोकार्बनचं प्रमाण ७५ टक्के कमी करायचं उद्दिष्ट होतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरी न जळलेलं बरंच पेट्रोल सरळ पाण्यात सोडत. त्या नव्या विक्रीतून गेल्या. काही कंपन्यांनी थेट इंजेक्शनच्या टू-स्ट्रोक बनवल्या, पण त्यांतली नावाजलेली एव्हिनरूडसुद्धा मे २०२० मध्ये बंद झाली. आज नवी मोटर म्हणजे फोर-स्ट्रोक.

फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, तेलाचं पात्र हे सगळं जादा. सुरुवातीच्या मोटरी तर फारच जड होत्या. मर्क्युरीची २००४ सालची सुपरचार्जर लावलेली सहा सिलिंडरची व्हेराडो ६३५ पौंडांच्या आसपास होती. त्याआधीच्या अडीच लिटरच्या व्ही-६ टू-स्ट्रोक, ज्या १५० ते २०० हॉर्सपॉवर देत आणि ज्यांच्यासाठी यांतल्या पुष्कळ बोटी बनल्या, त्या ४०० पौंडांच्या घरात. पुढे वजन उतरत गेलं. मर्क्युरीची २०११ ची १५० फोर-स्ट्रोक ४५५ पौंड, आणि २०१८ ची ३.४ लिटर व्ही-६, जी १७५ ते २२५ हॉर्सपॉवर देते, ती ४७५ पौंड. ११५ मध्ये त्याच कंपनीची २.१ लिटरची मोटर ३५९ पौंड आहे, म्हणजे आम्ही घेतली त्या वयाच्या ११५ पेक्षा बरीच हलकी. म्हणून वापरलेली मोटर घेताना नुसतं "फोर-स्ट्रोक आहे का" विचारून भागत नाही. साल विचारा, लिटर विचारा. २००५ ची ११५ आणि आजची ११५ या वजनात सख्ख्या बहिणी नाहीत.

कॅटलॉगमधला आकडा बहुतेक वेळा 'ड्राय' असतो, म्हणजे तेलाशिवाय, प्रोपेलरशिवाय, आणि सर्वांत आखूड शाफ्टच्या मॉडेलचा. स्टीलचा प्रोपेलर, सहा क्वार्टपर्यंत तेल, स्टिअरिंगचा सिलिंडर, दोऱ्या-तारा सगळं धरून आम्ही २५ ते ४० पौंड वाढवतो. उलट बाजूला जुन्या टू-स्ट्रोकची वेगळी तेलटाकी निघते, तेवढं वजा करायचं. कॅटलॉगवर विश्वास नसेल तर लटकवून मोजायचा काटा भाड्याने मिळतो.

हॉर्सपॉवरच्या आकड्यातही एक गोम आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा इंजिनावर मोजलेला असे. नंतर तो प्रोपेलरच्या शाफ्टवर मोजू लागले. गिअरमध्ये जी ताकद खर्च होते ती वजा झाल्यावरचा आकडा. म्हणून १९७८ च्या '१५०' पेक्षा आजची '१५०' बहुधा जास्तच जोर देते.

ती छोटी पट्टी

२० फुटांपेक्षा लहान एक-तळी मोटरबोटींवर स्टिअरिंगच्या आसपास एक धातूची पट्टी असते. नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या बोटींवर ती कायद्याने असावी लागते. जास्तीत जास्त माणसं, जास्तीत जास्त वजन, जास्तीत जास्त हॉर्सपॉवर. बहुतेक जण फक्त तिसरी ओळ वाचतात.

ती तिसरी ओळ येते कुठून हे पाहून आम्हाला गंमत वाटली. कोस्ट गार्डच्या नियमात बोटीची लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी, दोन्ही फुटांत, हा एक गुणांक काढतात. ट्रान्सम २० इंच उंच असेल आणि स्टिअरिंग चाकाचं असेल तर गुणांकाची दुप्पट करून त्यातून ९० वजा, आणि उत्तर वरच्या पाचाच्या पटीत. आमची बोट १७ फूट, ट्रान्सम ६ फूट : १०२, दुप्पट २०४, वजा ९० म्हणजे ११४, म्हणजेच ११५. पट्टीवर नेमकं तेच होतं. (लहान गुणांकाच्या किंवा हातदांड्याने चालवायच्या बोटींना वेगळे तक्ते आहेत, हे सूत्र त्यांना लावू नका.) या सूत्रात तळाचा आकार नाही, सांगाड्याची मजबुती नाही, चालवणाऱ्याची अक्कल नाही. म्हणून जुन्या स्पीडबोटवाल्यांत पट्टी ओलांडायची पद्धत आहे. केंद्रीय नियम बोट बनवणाऱ्याला बांधतो, चालवणाऱ्याला नाही, हेही खरं. पण काही राज्यांत चालवणाऱ्यालाही दंड आहे, आणि विमा कंपनी पट्टी पाहूनच पॉलिसी देते किंवा नाकारते. आमच्यासमोर स्वस्तात १५० ची मोटर आली होती. विम्याच्या बाईंनी फोनवर दोन वाक्यांत तो विषय संपवला, आणि घरच्यांनी एका वाक्यात.

आमच्या मते जास्त महत्त्वाची ओळ दुसरी आहे. आउटबोर्ड बोटीच्या पट्टीवर जे एकूण वजन असतं त्यात माणसं, सामान आणि मोटर, तिन्ही मोडतात. समजा तो आकडा ११०० पौंड आहे. ३०० ची मोटर असताना बाकी सगळ्यांसाठी ८०० उरत होते. ४२५ ची मोटर आणि जॅकप्लेट लावल्यावर ६७५ उरले. म्हणजे मोटर बदलली तेव्हाच एक माणूस बोटीतून कमी झाला, फक्त त्याला ते कोणी सांगितलं नाही.

आणखी एक न दिसणारी गोष्ट म्हणजे फोम. जुलै १९७८ नंतर बनलेल्या २० फुटांखालच्या, २ हॉर्सपॉवरहून मोठ्या आउटबोर्ड बोटी पाण्याने भरल्या तरी आडव्या तरंगत राहाव्यात असा नियम आहे. लोकांना धरून राहता यावं म्हणून. त्यासाठी आत किती आणि कुठे फोम घालायचा हे मोटरीचं वजन धरून ठरवलेलं असतं. जुनी बोट म्हणजे टू-स्ट्रोकच्या काळचं वजन. त्यापेक्षा जड मोटर लावली की बोट भरल्यावर मागचं टोक नियमात धरल्यापेक्षा खोल जाणार. त्यातून चाळीस वर्षांत फोमने पाणी पिलेलं असलं तर हिशेबच संपला.

ट्रान्सम : बाहेरून चकाचक, आतून भुसा

त्या काळच्या ट्रान्सममध्ये दोन फायबरग्लासच्या थरांमध्ये प्लायवूड असतं. जुन्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत गेलं की ते कुजतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. जुनी मोटर अजून लटकलेली असतानाच परीक्षा करा : मोटर थोडी वर उचलून तिच्या खालच्या टोकावर हळूहळू भार द्या आणि दुसऱ्याने ट्रान्समकडे बघत राहायचं. ट्रान्सम हलताना दिसला तर पुढचं सगळं थांबवा. मोटर काढल्यावर भोकांच्या आत स्क्रू-ड्रायव्हरने कोरून पाहा, ओला काळा भुसा आला तर तेच उत्तर. हातोडीच्या मुठीने ठोकलं की चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द.

आमचा एका कोपऱ्यात कुजलेला निघाला. दुरुस्तीत तीन शनिवार गेले. बजेटची ती दीडपट म्हणजे मुख्यतः हीच.

बहुतेक मोठ्या मोटरींच्या बोल्टांची भोकं एकाच मापाची असतात, वरची दोन पावणेतेरा इंचांहून किंचित जास्त अंतरावर, खालची दहा इंचांना किंचित कमी, उभं अंतर आठ इंच. त्यामुळे कंपनी बदलली तरी नवी भोकं सहसा पाडावी लागत नाहीत. अर्ध्या इंचाचे स्टेनलेसचे चार बोल्ट, आतून रुंद पट्टी, आणि भोकात मरीन सीलंट. बाथरूमचं सिलिकॉन नाही.

मोटर उचलताना

चारशे पौंड चार मित्रांत वाटले तर शंभर-शंभर येतात आणि शंभर पौंड आपण उचलतो, हा युक्तिवाद आमच्यातच झाला होता. तो करू नये. मोटर सुटकेससारखी नसते. तिचं वजन वरच्या डोक्यात एकवटलेलं असतं, धरायला जागा नसते, आणि ती फिरते. एकाचा हात सुटला की उरलेल्या तिघांवर येणारं वजन वाटून येत नाही.

गाडीचं इंजिन काढायची घडीची क्रेन भाड्याने मिळते. तिच्यावर 'दोन टन' लिहिलेलं असतं, पण ते हात पूर्ण आखडलेला असताना. हात पूर्ण लांबवला की साधारण अर्धा टन राहतो. बोटीच्या कामात हात लांबवावाच लागतो, कारण ट्रेलर मधे येतो. अर्धा टनही आपल्याला पुरतो, पण पुढचे पाय कुठे आहेत ते पाहा. मोटर पायांच्या पुढे गेली की क्रेन तोंडावर पडते. उंची पुरेल का तेही आधीच मोजा. गॅरेजच्या छताच्या लाकडी कैचीला साखळी बांधू नका. ती छताचं वजन पेलायला केलेली असते, मधोमध लटकवलेली मोटर पेलायला नाही.

मोटरीला उचलायची जागा कंपनीने दिलेली असते. पुष्कळ टू-स्ट्रोकमध्ये फ्लायव्हीलवर आट्यांचं कडं बसवतात. त्याचे सगळे आटे पूर्ण गेले पाहिजेत. फोर-स्ट्रोकला बहुधा वेगळा हूक असतो. वरच्या झाकणाला किंवा त्याच्या कडीला धरून उचलायचं नाही.

कामाचा क्रम आम्ही आता असा ठेवतो. बॅटरी सोडवायची, आधी ऋण टोक. पेट्रोलची नळी काढून तोंड बंद करायचं. गॅरेजमध्ये पाणी तापवायचा गॅसचा बंब असेल तर हे काम गॅरेजबाहेर. त्याची छोटी ज्योत आणि पेट्रोलची वाफ यांची गाठ पडू द्यायची नाही. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवायचा, चाकांना उट्या लावायच्या, कारण मागे चारशे पौंड चढवताना-उतरवताना सुटा ट्रेलर पुढून उचलला जाऊ शकतो. मोटर वर असताना तिच्याखाली कोणाचा हात-पाय नाही, लहान मुलं आवारातच नाहीत, आणि एकच माणूस बोलणार. चौघांनी एकदम "थोडं डावीकडे" म्हटलं की काय होतं याची खूण आमच्या गॅरेजच्या दारावर अजून आहे.

फोर-स्ट्रोक मोटर आडवी ठेवायची वेळ आली तर कुठल्या कुशीवर ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याचदा मोटरीवरच लिहिलेलं असतं. चुकीच्या कुशीवर ठेवली तर तेल सिलिंडरमध्ये शिरतं. जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांना ही सवय नसते.

रस्त्यावरचा मुद्दा सहसा राहून जातो. मागे वजन वाढलं की ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरचा भार कमी होतो, आणि तो फार कमी झाला तर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवू लागतो. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार दांड्यावर असावा. घरातला वजनकाटा आणि एक लाकडी ठोकळा एवढ्यात मोजता येतो. आमचा कमी भरला, म्हणून बोट ट्रेलरवर चार इंच पुढे घेतली.

पाण्यावर, हळूहळू

पहिली परीक्षा धक्क्याला बांधूनच. मोटर लावण्याआधी सांगाड्यावर पाण्याच्या रेषेला रंगीत टेप चिकटवा, लावल्यावर पुन्हा पाहा. मग दोन मोठी माणसं मागच्या टोकाला उभी राहू द्या. मोटरीपुढच्या पन्हाळीत पाणी आलं, तर लाटेत ते आत येणार हे नक्की. आम्ही ही परीक्षा केली असती तर त्या मुलाला भिजावं लागलं नसतं.

पहिल्या फेरीला चालवणारा आणि एक मोठा माणूस, बस. थ्रॉटल बंद करायचं ते टप्प्याने. बोट खाली बसू लागली की किंचित थ्रॉटल पुन्हा देऊन मागच्या लाटेला पुढे जाऊ द्यायचं. नाळ सारखी वर-खाली आपटू लागली तर मोटरीचा ट्रिम थोडा आत घ्या. मागे वजन जास्त असेल तर हे लवकर सुरू होतं.

पॅडवर चालणारी बोट एका वेगाच्या पुढे डावी-उजवीकडे झुलू लागते, त्याला चाइन-वॉक म्हणतात. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. माणसाची पहिली प्रतिक्रिया दोनपैकी एक : चाक जोरात उलटं फिरवणं किंवा थ्रॉटल एकदम सोडणं. दोन्ही चूक. थ्रॉटल एकदम सोडलं की नाळ खाली येते, पाण्यात रुतते आणि बोट गर्रकन फिरते; आतली माणसं मात्र सरळच जातात. चाक स्थिर धरून वेग हळूहळू कमी करायचा. जुनी एक-केबलची ढिली स्टिअरिंग असेल तर हा झोका सांभाळणं जवळजवळ अशक्य, म्हणून मोटरीच्या बजेटमध्ये हायड्रॉलिक स्टिअरिंगचे पैसे धरूनच ठेवा. ७० मैलांचा वेग ५० पेक्षा चाळीस टक्केच जास्त, पण त्यातली ऊर्जा जवळजवळ दुप्पट.

किल-स्विचची दोरी कमरेला किंवा लाइफ जॅकेटला अडकवणं १ एप्रिल २०२१ पासून केंद्रीय नियमाच्या कक्षेतल्या जलमार्गांवर सक्तीचं आहे. २६ फुटांखालच्या बोटींना, बोट वेगात असताना. चालवणारा पाण्यात पडला की मोटर बंद होते, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्यावरच येते. आमच्या नव्या-जुन्या मोटरीबरोबर दोरी आलीच नव्हती. दहा-पंधरा डॉलर्सची वस्तू, आणि आम्ही पहिल्या रविवारी ती न लावता गेलो होतो. हे कबूल करताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

सध्या बोट अशी आहे : बॅटरी नाळेत, जॅकप्लेट गॅरेजच्या भिंतीवर, पट्टीशेजारी आम्ही चिकटवलेला कागद, ज्यावर नव्या मोटरीनंतर उरलेलं वजन ठळक अक्षरात आहे. तो मुलगा आता पुढच्या सीटवर बसतो आणि निघण्याआधी सगळ्यांना आपापलं वजन विचारतो. काही मावश्यांनी उत्तर द्यायला नकार दिला आहे.

क्रेन आम्ही शेवटी विकतच घेतली. कोणाला हवी असेल तर गणपतीच्या कार्यक्रमात भेटून सांगा. क्रेन आमची, न्यायला ट्रक तुमचा, आणि ट्रान्सम आधी ठोकून बघायला आम्ही चौघं येऊ. चहा मात्र लागेल.